नामांकित कंपनीचं नाव काय? – 'रेप्युटेड' या विशेषणाविषयी

मागे उभे आहेत त्यांनी पुढे या, पहिल्या रांगेत चार खुर्च्या रिकाम्या आहेत. पहिल्या रांगेला घाबरण्याची सवय कॉलेजातच लागते, आणि ती मी पस्तीस वर्षं पाहिलेली आहे.

आज एका शब्दावर बोलायचं आहे. शब्द इंग्रजी आहे, पण इथल्या प्रत्येकाने तो वाचलेला आहे. भोसरीहून नाशिक रस्त्याने चाकणकडे निघा. मोशी गेली, इंद्रायणीचा पूल गेला, की विजेच्या खांबांवर, बसथांब्यांवर, टपरीच्या मागच्या पत्र्यावर पिवळे-गुलाबी कागद चिकटवलेले दिसतात. मजकूर साधारण ठरलेला : 'चाकण एमआयडीसीतील नामांकित कंपनीत त्वरित भरती. हेल्पर, ऑपरेटर, फिटर, वेल्डर. दहावी, बारावी, आय.टी.आय. बस व कँटीनची सोय. ओ.टी. मिळेल.' खाली दोन मोबाइल नंबर. हीच जाहिरात इंग्रजी पेपरात आली की ती 'रेप्युटेड कंपनी' होते. लग्नाच्या जाहिरातीत गेली की 'मुलगा पुणे येथील नामांकित कंपनीत कार्यरत, स्वतःचा फ्लॅट.' महापालिकेच्या टेंडरात गेली की 'नामांकित मेकचा पाइप.' शब्द एकच, हिंडतो सगळीकडे.

आता या कागदावर काय नाही ते बघा. पगाराचा आकडा कधी असतो, कधी नसतो. पण एक गोष्ट कधीच नसते, ती म्हणजे कंपनीचं नाव. जिला आपण 'नामांकित' म्हणतो, म्हणजे नावाने अंकित झालेली, नाव कोरलेली, तिचं नावच तेवढं दिलेलं नाही. हा विनोद माझ्या लक्षात यायला मला सत्तरी गाठावी लागली, आणि तो विनोद म्हणून लक्षात आला नाही. कसा आला ते पुढे सांगतो.

आधी इंग्रजीकडे जाऊ. १९८० च्या दशकात माझा एक विद्यार्थी पुढच्या शिक्षणासाठी इंग्लंडला निघाला. त्याच्यासाठी मी शिफारसपत्र लिहिलं आणि त्यात मोठ्या अभिमानाने लिहिलं की याने 'अ रेप्युटेड इन्स्टिट्यूशन'मध्ये दोन वर्षं काम केलं आहे. तिथल्या एका प्राध्यापकांशी माझा पत्रव्यवहार होता. त्यांनी उत्तरात शेवटी एक ओळ घातली, सभ्यपणे, इंग्रज माणूस घालतो तशी : 'रेप्युटेड टु बी व्हॉट?' काय असल्याची ख्याती आहे म्हणता? मला राग आला. मग कोश उघडला आणि राग गेला.

इंग्लंड-अमेरिकेतला सुशिक्षित माणूस 'रेप्युटेड' हा शब्द बहुतेक वेळा 'असं म्हणतात, आम्ही खात्री देत नाही' या अर्थाने वापरतो. 'द रेप्युटेड फादर' म्हणजे नामवंत वडील नव्हेत. ज्याला लोक त्या मुलाचा बाप समजतात तो. एखादं घर 'इज रेप्युटेड टु बी हॉन्टेड', म्हणजे तिथे भूत असल्याची वदंता आहे. चांगला नावलौकिक असलेल्या, विश्वास ठेवावा अशा पेढीला ते 'रेप्युटेबल' म्हणतात. शेवटी दोन अक्षरांचा फरक, पण एकात बोलणारा पुढे येऊन हमी देतो, दुसऱ्यात दोन पावलं मागे सरकतो.

कायद्यात हा फरक फार स्वच्छ दिसतो. आपल्याकडे मुंबई, कलकत्ता, मद्रास या शहरांसाठी १९०९ साली दिवाळखोरीचा कायदा झाला. त्यात 'रेप्युटेड ओनर' असा शब्दप्रयोग आहे. समजा, एका व्यापाऱ्याच्या दुकानात दुसऱ्याचा माल पडलेला आहे, खऱ्या मालकाच्या संमतीने, आणि सगळं जग समजतं की माल दुकानदाराचाच आहे. त्या विश्वासावर लोक त्याला उधार देतात. दुकानदाराचं दिवाळं निघालं, तर तो माल देणेकऱ्यांसाठी जप्त होऊ शकतो, कारण दुकानदार हा त्या मालाचा 'रेप्युटेड ओनर'. म्हणजे, लक्षात घ्या, रेप्युटेड ओनर हा नेमका तो माणूस जो मालक नाही! मालक वाटतो, एवढंच.

आणखी एक गमतीचं उदाहरण. क्वार्ट म्हणजे गॅलनचा चौथा भाग. पण इंग्रजांच्या दारूच्या व्यापारात 'रेप्युटेड क्वार्ट' नावाची बाटली चाले, ती गॅलनच्या सहाव्या भागाची. क्वार्ट म्हणवून घेणारी, क्वार्ट नसलेली. या सभागृहात कुणाला बाटलीच्या मापाचा अनुभव असेल तर त्यांनी हात वर करू नये, फक्त लक्षात ठेवावं.

इथे एक खुलासा केला पाहिजे, नाहीतर घरी जाऊन तुम्ही मुलाच्या अर्जावर लाल शाई माराल. 'रेप्युटेड'चा 'चांगल्या नावलौकिकाचा' हा अर्थ आपण भारतीयांनी चुकून पैदा केला, असं काही इंग्रजीचे शिक्षक सांगतात. ते खरं नाही. अमेरिकेतला मेरियम-वेब्स्टर कोश हाही अर्थ देतो. आपण एवढंच केलं की तो अर्थ मुख्य धरला, दुसरा विसरलो, आणि शब्द नोकरीच्या जाहिरातीला जुंपला. माझा तर्क असा की 'नामांकित', 'प्रख्यात', 'प्रतिष्ठित' हे शब्द आपल्या तोंडात आधीच तयार होते, त्यांना इंग्रजी कपडा हवा होता, तो हा मिळाला. त्यामुळे आपला वापर चूक आहे असं मी म्हणत नाही. माझं म्हणणं वेगळं आहे. इंग्रजाने जो संशय त्या शब्दात उघड ठेवला आहे, तो आपल्या वापरातही आहे, फक्त झाकलेला.

तो कुठे आहे? व्याकरणात आहे. 'रेप्युटेड' हे मुळात क्रियापदाचं कर्मणी रूप. 'मानलेला', 'समजलेला'. कर्मणी प्रयोगाची सोय अशी की कर्ता गाळता येतो. 'ग्लास फुटला' म्हणायचं, कुणी फोडला ते सांगायचं नाही. घरोघरी मुलं हे व्याकरण शाळेत जाण्याआधी शिकतात. 'रेप्युटेड' म्हणजे नावाजलेली. कुणी नावाजली? सांगितलेलं नाही. 'मान्यताप्राप्त' म्हटलं तर निदान विचारता येतं की मान्यता कुणाची, विद्यापीठाची की सरकारची, कागद दाखवा. 'नामांकित'ला कागद नसतो.

आपल्या न्यायशास्त्रात याच्यावर विचार झालेला आहे. ज्ञान मिळवण्याचं एक साधन म्हणजे शब्द, म्हणजे दुसऱ्याने सांगितलेलं. आपलं नव्वद टक्के ज्ञान असंच असतं. माझी जन्मतारीखसुद्धा मला आईने सांगितलेली आहे, मी काही घड्याळ लावून बसलो नव्हतो. पण नैयायिक म्हणतात, सांगणारा 'आप्त' हवा. आप्त म्हणजे नातेवाईक नव्हे. जो गोष्ट जशी आहे तशी जाणतो आणि जशी जाणतो तशीच सांगतो, तो आप्त. वात्स्यायन भाष्यात पुढे जे म्हणतो ते मला फार आवडतं : हे लक्षण ऋषी, आर्य आणि म्लेंच्छ तिघांनाही सारखंच लागू आहे. म्हणजे आप्त व्हायला नामांकित असावं लागत नाही. तळेगाव चौकातला चहावाला, ज्याला कोणता ठेकेदार सात तारखेला पगार करतो आणि कोणता बावीसला, हे ठाऊक आहे आणि जो ते खरं सांगतो, तो त्या बाबतीत आप्त. पीएच.डी. झालेला मी नव्हे.

आणि मग एक दुसरा प्रकार ते सांगतात, 'ऐतिह्य'. 'असं म्हणतात बुवा.' ज्याचा मूळ वक्ता कुणालाच ठाऊक नाही असं, तोंडातोंडी चालत आलेलं वाक्य. त्यांचं ठरलेलं उदाहरण आहे, 'या वडावर यक्ष राहतो.' आपल्याकडे पिंपळावर मुंजा असतो. कुणी पाहिला? आजोबांनी ऐकलं. त्यांना कुणी सांगितलं? त्यांच्या आजोबांनी. नैयायिकांचा निकाल असा की ऐतिह्य हे वेगळं प्रमाण नाही. मुळाशी आप्त वक्ता असेल तर ते शब्दप्रमाणातच बसेल, नसेल तर ते प्रमाणच नाही. चिंचवडच्या नावात चिंच आणि वड आहेत असं आपण सगळे सांगतो, तेही ऐतिह्यच. त्यात कुणाचं नुकसान नाही म्हणून चालून जातं.

'नामांकित कंपनी' हा आपल्या पट्ट्यातला वडावरचा यक्ष आहे. फरक एवढाच की यक्षाकडे कुणी गावाहून एस.टी.ने नोकरीला येत नाही.

आता ती गोष्ट सांगतो. माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याचा पुतण्या, परभणीकडचा, आय.टी.आय. फिटर झालेला. मुलाचं नाव घेत नाही. काही वर्षांपूर्वी त्याने मला अशाच एका कागदाचा फोटो मोबाइलवर पाठवला. काकांनी सांगितलं होतं, आमचे सर तिकडेच निगडीला राहतात, त्यांना विचार. त्याचा प्रश्न साधा होता : 'सर, कंपनी चांगली आहे ना?' मी प्रवासात होतो. फोटो मोठा करून वाचला आणि उत्तर दिलं, 'नामांकित म्हटलंय, बरी असावी. येऊन तर बघ.' आयुष्यभर मुलांना सांगत आलो की पुरावा कुठे आहे ते विचारा. आणि स्वतःवर वेळ आली तेव्हा मी एका विशेषणावर सही केली.

मुलगा आला. चाकणमध्ये एका दुकानवजा ऑफिसात त्याच्याकडून नोंदणीचे पैसे घेतले, पावती नाही. एका खोलीत नऊ जण. पहिले दोन दिवस एका मोठ्या कारखान्याच्या गेटपर्यंत नेऊन आणलं, 'इथे जागा होईल' म्हणाले, आणि मग 'तोपर्यंत' म्हणून आतल्या एका गावातल्या शेडमध्ये प्रेसवर उभं केलं. ते 'तोपर्यंत' सात महिने चाललं. महिन्याला रोख पैसे, हातात. सातव्या महिन्यात प्रेसखाली उजव्या हाताची दोन बोटं चेपली. शेडमधल्या लोकांनी एका खासगी दवाखान्यात नेलं, टाके घातले, आणि सोडून दिलं.

तो माझ्याकडे आला तेव्हा आम्ही कागद करायला बसलो. नुकसानभरपाईच्या अर्जात एक रकाना असतो, मालकाचं नाव व पत्ता. मी पेन उघडलं आणि विचारलं, 'कंपनीचं नाव काय?' तो माझ्याकडे बघत राहिला. त्याला नाव ठाऊक नव्हतं. शेडवर पाटी नव्हती. ज्याने पैसे घेतले त्याला सगळे एका टोपणनावाने हाक मारायचे. तो फोनवर म्हणाला, मुलगा माझ्याकडे नाहीच, मी फक्त माणसं पोचवतो. शेडवाला म्हणाला, मुलगा ठेकेदाराचा. मुलाला आठवलं ते एवढंच : 'सर, जाहिरातीत नामांकित लिहिलं होतं.'

त्या रकान्यात मी काय लिहिणार होतो?

कायदा इथे मुका नाही, हे मुद्दाम सांगतो. १९२३ चा कामगार नुकसानभरपाईचा कायदा २०२५ पर्यंत लागू होता. त्याच्या बाराव्या कलमात असं होतं की ठेकेदाराच्या माणसाला इजा झाली, तर ज्याच्या धंद्याचं काम चाललं होतं त्या मुख्य मालकाकडेही भरपाई मागता येत असे. मग त्याने ती ठेकेदाराकडून वसूल करावी. १९७० चा कंत्राटी कामगारांचा कायदा झाला, त्याच्याखाली केंद्राचे १९७१ चे नियम आले. त्यांत ठेकेदाराने कामगाराला तीन दिवसांच्या आत एक रोजगार कार्ड द्यायचं, आणि त्या कार्डावर तीन नावं असायची : ठेकेदाराचं, ज्या आस्थापनेत काम आहे तिचं, आणि मुख्य मालकाचं. विशेषण एकही नाही. नावं आणि पत्ते. ज्याने तो नमुना बनवला त्या बाबूने बर्ट्रांड रसेल वाचला असेल असं मला वाटत नाही, पण रसेलने १९०५ साली जो मुद्दा मांडला तो त्याला कळला होता.

रसेलचा मुद्दा थोडक्यात सांगतो. नाव वेगळं आणि वर्णन वेगळं. 'एक अमुकअमुक' अशा वर्णनाने आपण कुणाकडेही बोट दाखवत नसतो. 'मला एक माणूस भेटला' हे वाक्य खरं असायला कुणीतरी माणूस भेटलेला असला की पुरे. 'चाकणमधील एका नामांकित कंपनीत भरती' हे वाक्य खोटं कसं ठरवणार? चाकणमध्ये नामांकित कंपन्या आहेतच. बजाजचा कारखाना आहे, महिंद्राचा आहे, फोक्सवॅगनचा आहे, मर्सिडीजचा आहे, आणि कुठे ना कुठे भरतीही चालू असते. नाव घेतलं असतं तर उलट तपासता आलं असतं. गेटवर जाऊन विचारता आलं असतं की ही जाहिरात तुमची का. नाव न घेता जे बोललं ते कधीच खोटं पडत नाही, आणि म्हणूनच त्यावर काही उभं राहत नाही.

नाव न देण्याची काही बरी कारणंही असतात, ती नाकारू नये. कन्सल्टंटला भीती असते की उमेदवार परस्पर कंपनीत जाईल. एखाद्या जागेवरचा माणूस बदलायचा असतो आणि त्याला आधी कळू द्यायचं नसतं. पूर्वीच्या पेपरांत बॉक्स नंबर असायचे ते यासाठीच. पण त्या बॉक्स नंबरच्या मागे पेपरच्या ऑफिसात एक वही असे आणि वहीत नाव असे. खांबावरच्या कागदामागे वही नाही.

आता थोडं मागे जाऊ. मी १९७५ साली इथे नोकरीला आलो तेव्हा पिंपरी-चिंचवड नगरपालिका होती. महापालिका १९८२ ची. तेव्हा कुणी कुणाला 'नामांकित कंपनीत' आहे असं सांगितलेलं मला आठवत नाही. 'तो टेल्कोत आहे.' 'बजाजला लागला.' 'वहिनी एच.ए.मध्ये आहेत.' एच.ए. म्हणजे हिंदुस्थान अँटिबायोटिक्स, १९५४ ची, या भागातला पहिला मोठा सरकारी कारखाना; तिथे पेनिसिलिन बनायचं. वाक्य एवढंच, पण सोयरीक जमायची. टेल्कोचं टाटा मोटर्स होऊन, २००३ पासून, वीसहून जास्त वर्षं झाली, तरी आमच्या पिढीच्या तोंडून टेल्को जात नाही. नाव स्वतः काम करत असेल तर विशेषणाला रोजगार मिळत नाही, असं माझं निरीक्षण आहे. विशेषण आलं की बघावं, नाव कुठे गेलं.

अर्थात नावावरही किती विसंबायचं? जनरल मोटर्स, १९०८ ची कंपनी, तिच्याइतकं नामांकित मोटारीच्या जगात कोण असेल. तळेगावचा कारखाना २००८ ला सुरू झाला, डिसेंबर २०२० ला तिथलं उत्पादन बंद पडलं, आणि जानेवारी २०२४ मध्ये तो ह्युंदाईने घेतला. तिथल्या कामगाराच्या घरात नावाचा फोटो लावून चूल पेटली नसेल. आकुर्डीला बजाजची स्कूटर बनायची, ते उत्पादन २००७ ला थांबलं, कंपनी मात्र उत्तम चालू आहे. लौकिक हा मागचा हिशेब असतो. आणि हे मी उपमा म्हणून म्हणत नाही, तो त्या शब्दाचा मूळ अर्थच आहे. लॅटिनमध्ये 'पुतारे' हे क्रियापद आहे. त्याचा जुना अर्थ छाटणं, साफ करणं. द्राक्षवेलीची छाटणी. नारायणगावकडचे कुणी असतील तर त्यांना एप्रिलची आणि ऑक्टोबरची छाटणी वेगळी सांगायला नको. त्यावरून हिशेब साफ करणं, मग मोजणं, मग मानणं. 'कॉम्प्युटर' त्याच क्रियापदाचा. आणि 'री-पुतारे' म्हणजे पुन्हा मोजणं, फेरविचार करणं. म्हणजे 'रेप्युटेड' हा शब्द जन्मला तेव्हा त्यात पुन्हा एकदा बेरीज करून बघण्याची क्रिया होती. आपण बेरीज सोडून दिली आणि उत्तर तेवढं पाठ केलं.

कुणी म्हणेल, सर, मग लौकिकाला काही कसोटीच नाही का? आहे ना. १९९९ च्या ट्रेडमार्क कायद्यात 'वेल-नोन', म्हणजे सुप्रसिद्ध व्यापारचिन्ह अशी वेगळी वर्गवारी आहे. ते फुकट मिळत नाही. २०१७ च्या नियमांप्रमाणे अर्ज करायचा, एक लाख रुपये फी भरायची, पुरावे जोडायचे : किती वर्षं वापर आहे, किती भागात आहे, जाहिरात किती केली, लोकांतल्या कोणत्या गटाला माहीत आहे. रजिस्ट्रार तपासणार, आक्षेप मागवणार, मग यादीत नाव घालणार. पाइपावर आय.एस.आय.चं चिन्ह असतं, त्याच्यामागे मानक असतं, परवाना क्रमांक असतो. म्हणजे मालाचा आणि चिन्हाचा लौकिक आपण नीट मोजतो. हेल्परला बोलावताना मोजत नाही.

'नामांकित' हा शब्द खरं तर फार देखणा आहे. वाल्मीकीच्या सुंदरकांडात हनुमान अशोकवनात सीतेला अंगठी देतो, ती रामाच्या नावाने अंकित असते. सीतेने या वानरावर विश्वास का ठेवावा? तो चांगलं बोलतो म्हणून? रावणही चांगलं बोलला होता. अंगठीवर नाव आहे म्हणून. दुष्यंताची अंगठीही तशीच. ती हरवते आणि शकुंतलेकडे नुसतं वर्णन उरतं, आणि भर दरबारात ते वर्णन कुणी मानत नाही. नामांकित वस्तू म्हणजे जिच्यावरून हात फिरवला तर अक्षरं बोटाला लागतात अशी वस्तू.

त्या मुलाच्या प्रकरणात अखेर तसंच झालं. तो ज्या प्रेसवर होता तिथे बनणाऱ्या पट्टीवर एका कंपनीची खूण आणि पार्ट नंबर ठोकलेला असे. तुकडा नामांकित होता. मुलगा नव्हता. पण त्या खुणेने काम भागलं नाही, कारण त्या कंपनीला असे तुकडे किती जण पुरवतात याची गणती नाही. भागलं ते एका फोटोने. कामाच्या दुसऱ्या आठवड्यात त्याने आईला दाखवायला टेम्पोजवळ उभा राहून फोटो काढला होता, आणि त्याच्या हातात डिलिव्हरी चलन होतं. चलनावर शेडचं छापील नाव, गट नंबर आणि जीएसटी क्रमांक. फोटो मोठा केल्यावर वाचता आला. तेवढ्या एका ओळीवर पुढचं सगळं झालं. शेवटी तडजोड झाली, मिळायला हवे होते त्याहून कमी पैसे मिळाले, घरच्यांना ते पटलं. मला पटलं नाही. पण मला विचारण्याचा प्रश्न नव्हता. माझं मत मी एकदा देऊन बसलो होतो.

थांबतो. दोन-तीन प्रश्न घेऊ.

– (श्रोत्यांतून) सर, हल्ली पेपरात 'लेगसी कंपनी' असा शब्द येतो. इलेक्ट्रिक गाड्यांच्या बातम्यांत. तोही यातलाच का?

– चुलत भाऊ म्हणा. 'लेगसी' म्हणजे मृत्युपत्राने मिळालेला ठेवा. संगणकवाल्यांनी तो शब्द उलटा केला : 'लेगसी सिस्टिम' म्हणजे जुनं धूड, टाकताही येत नाही, ठेवताही येत नाही. तिथून तो मोटारींच्या बातम्यांत आला. त्यामुळे बजाज किंवा टाटांना नव्या स्टार्टअपशेजारी 'लेगसी' म्हटलं, तर ते कौतुक आहे की टोमणा, हे बोलणारा कोण आहे त्यावर ठरतं. मराठीत 'जुनीजाणती' म्हणा आणि 'जुनाट' म्हणा, दोन वेगळे शब्द आहेत. इंग्रजीने इथे एकातच भागवलंय. पण त्यात एक बरं आहे. 'लेगसी'बरोबर नाव येतं. निदान कोणाविषयी बोलताय ते कळतं.

– सर, माझी मुलगी लग्नाची आहे. 'नामांकित कंपनीत' असं लिहिलेल्या स्थळाला काय विचारावं?

– ताई, ते तुम्हाला माझ्यापेक्षा चांगलं कळतं. आपल्याकडे 'नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा' ही म्हण कुणी प्रोफेसरने केलेली नाही. कंपनीचं नाव विचारा, आणि तो कंपनीच्या रोलवर आहे की ठेकेदाराच्या, हे विचारा. ठेकेदाराच्या असला तर तो काही वाईट मुलगा होत नाही. लपवलं तर मात्र विचार करा.

– सर, मग बायोडेटात काय लिहायचं? 'रेप्युटेड' लिहू नये का? सगळे लिहितात.

– त्या मुलाने मागच्या वर्षी मला बायोडेटा तपासायला पाठवला. हात बरा आहे, पकड थोडी कमी आहे, क्वालिटी इन्स्पेक्शनचं काम शिकलाय. अनुभवाच्या रकान्यात त्याने लिहिलं होतं, इंग्रजीत, 'सात महिने, रेप्युटेड कंपनी, चाकण'. मी ते खोडलं आणि फोन केला, की त्या शेडचं नाव लिही, जे चलनावर होतं ते, गट नंबरासकट. तो म्हणाला, 'सर, त्या नावाला कोण ओळखतंय?' मी म्हटलं, कुणी नाही ओळखत. पण कुणाला खात्री करून घ्यायची असली, तर फोन कुठे करायचा ते तरी कळेल.

थोडा वेळ तो गप्प होता. मग म्हणाला, 'लिहितो. पण स्पेलिंग तुम्ही बघा.'